चाळीचं अंगण आणि आपलं ओपन स्पेस

आम्ही नागपूरजवळच्या वाडीहून बोलतोय. आमची वाडी आधी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. शेतांचे ले-आउट पडले, प्लॉट विकले गेले. ले-आउटमध्ये एक जागा मोकळी सोडतात, तिला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. तिथं कुरडया वाळतात, गटाची बैठक भरते. अशा जागेवर कुणाचा तरी डोळा असतोच. म्हणून आज अंगणाचा इतिहास सांगतो.

मुंबईच्या बीडीडी चाळी इंग्रज सरकारनं 1920 च्या दशकात बांधल्या. एका कुटुंबाला 160 चौरस फुटांची एक खोली, संडास सामायिक. एवढ्याशा खोलीत संसार मावेना, म्हणून तो व्हरांड्यात आणि अंगणात आला. चाळीतल्या लोकांची एकी तिथंच झाली. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो. 1972 नंतर महागाई भडकली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. रोज एकमेकींना भेटणाऱ्या बायांना हाक द्यायला वेळ लागत नाही.

आता बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. रहिवाशांना 500 चौरस फुटांचं घर मिळतं, संडास घरातच. हे चांगलंच आहे. रांगेत उभं राहण्याचा त्रास बाईलाच माहीत. पण अशा पुनर्विकासाचा खर्च जादा फ्लॅट विकून निघतो. जिथं एकेक फूट विकायचा हिशेब असतो, तिथं मोकळी जागा तोट्याची वाटते.

कायदा मात्र आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्रात एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खाजगी दवाखान्याला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ही जागा लोकांची आहे, अशी देता येणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. ले-आउटचा मंजूर नकाशा मागा. कुणी देत नसेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. गावात राहत असाल तर गावठाणाचा नकाशा मागा. मोकळी जागा कुठं, किती, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि पुढची बैठक त्याच जागेवर घ्या. वापरात असलेलं अंगण हिसकावणं सोपं नसतं.