ब्रेस्तार आणि किंता-फेइरा : वारांवरच्या बंदीची कुळकथा

पोर्तुगीज भाषेत आठवड्याच्या पाच दिवसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. सोमवार म्हणजे ‘सेगुंदा-फेइरा’, मंगळवार ‘तेर्सा-फेइरा’, बुधवार ‘क्वार्ता-फेइरा’, गुरुवार ‘किंता-फेइरा’ आणि शुक्रवार ‘सेश्ता-फेइरा’. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सरळ मोजणी. शनिवारला ज्यूंच्या शब्बाथवरून आलेला ‘साबादु’ आणि रविवारला ‘प्रभूचा दिवस’ या अर्थाचा ‘दोमिंगु’. लॅटिनच्याच पोटी जन्मलेल्या स्पॅनिश, फ्रेंच आणि इटालियन भाषांत चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र यांचे रोमन अवतार आजही वारांच्या नावांत ठाण मांडून आहेत. पोर्तुगीजमधून ते नाहीसे झाले, आणि त्याचे श्रेय परंपरा एकाच माणसाला देते: सहाव्या शतकातला ब्रागाचा बिशप मार्टिन. ज्या रूढीचे मूळ परक्या देवांत आहे ती ख्रिस्ती माणसाला वर्ज्य, असे त्याचे म्हणणे होते.

हेच म्हणणे पुढे सणांवर चालवले गेले. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने १६४७ साली नाताळ आणि ईस्टर रद्द केले. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला; तो १६८१ मध्ये मागे घेतला गेला. यहोवाचे साक्षीदार हा पंथ आजही नाताळ पाळत नाही, आणि त्याचे एक मुख्य कारण म्हणून सणाचे रोमन मूळ सांगतो. वाद सारा वर्षातल्या एकदोन दिवसांचा. पण परके मूळ हेच बंदीला पुरेसे कारण असेल, तर पहिली जाब-जबानी आठवड्याची व्हायला हवी. तो वर्षातून बावन्न वेळा येतो.

आठवड्याची वंशावळ सर्वपरिचित आहे. आकाशातले सात ‘ग्रह’ शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने दिवसाच्या चोवीस तासांवर फिरवायचे. पहिल्या तासाचा स्वामी तो दिवसाचा स्वामी. चोवीसला सातने भागले की तीन उरतात, म्हणून दर दिवशी यादीतला चौथा ग्रह येतो: शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, मग मंगळ. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतीवर हे देववार खरडलेले सापडले आहेत. आर्यभटाने हाच नियम होरांच्या हिशेबाने दिला, आणि ‘होरा’ हा शब्दच ग्रीक आहे. वेदांगज्योतिषात वार नाहीत. मध्यप्रदेशातल्या एरण येथील बुधगुप्ताच्या शिलालेखात, गुप्त संवत १६५ म्हणजे इ.स. ४८४ मध्ये, आषाढ शुक्ल द्वादशीला ‘सुरगुरूचा दिवस’ म्हटले आहे. भारतातल्या कोरीव लेखांतला हा वाराचा सर्वांत जुना ठळक उल्लेख. म्हणजे रोमचा ज्युपिटर आणि आपला बृहस्पती एकाच दिवशी बसले ते एकाच गणितामुळे.

आता मार्टिन. तो मूळचा पॅनोनियाचा, म्हणजे आजच्या हंगेरीच्या बाजूचा. इ.स. ५५० च्या सुमारास तो इबेरियन द्वीपकल्पाच्या वायव्य कोपऱ्यातल्या सुएबी लोकांच्या राज्यात आला, आणि ५७२ ची ब्रागाची धर्मपरिषद त्याच्याच अध्यक्षतेखाली भरली. अस्तोर्गाचा बिशप पोलेमिउस याच्या विनंतीवरून त्याने खेडुतांच्या सुधारणेवर एक प्रवचन लिहिले. झाडांपाशी, झऱ्यांपाशी आणि तिठ्यांवर दिवे लावणारे, जानेवारीच्या पहिल्या दिवशी मेजवान्या मांडणारे, शुक्राचा दिवस पाहून लग्न करणारे, विणताना मिनर्वाचे नाव घेणाऱ्या बाया यांना त्याने त्यात फटकारले. तिथेच वारांचा मुद्दा येतो. ज्यांनी एकही दिवस निर्माण केला नाही, जे स्वतः दुराचारी होते, त्यांची नावे बाप्तिस्मा घेतलेल्यांनी दिवसांना का द्यावीत, असा त्याचा सवाल आहे.

इथपर्यंत परंपरेची गोष्ट भक्कम दिसते. पण मार्टिन पहिला नव्हता. त्याच्या आधी दीडशे वर्षे बिशप ऑगस्टिनने बुधवारला ‘चौथी फेरिया’ (पोर्तुगीज ‘फेइरा’ याच लॅटिन शब्दावरून) म्हणावे, मर्क्युरीचा दिवस म्हणू नये, असे सांगितले होते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन उपवासांच्या संदर्भात चौथ्या आणि सहाव्या फेरियाचा उल्लेख सहज करून जातो. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लचा बिशप सीझेरियस मार्टिनच्या एक पिढी आधी हेच प्रवचन देत होता. फ्रान्सने ते ऐकून सोडून दिले आणि सोमवारला ‘लँदी’ म्हणणे चालू ठेवले. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने स्पेनला हाच उपदेश केला, आणि स्पेनमध्ये ‘लुनेस’, ‘मार्तेस’ टिकले. तेव्हा एका बिशपाच्या प्रवचनाने भाषा बदलली, हे उत्तर अपुरे आहे. मिन्यो नदीच्या उत्तरेचा गॅलिशिया तर ब्रागाच्याच धर्मप्रांतात मोडत होता, आणि तिथल्या आजच्या बोलीत ‘लुन्स’, ‘मार्तेस’ सर्रास आहेत.

दुसरे स्पष्टीकरण बाजाराचे. पोर्तुगीजमध्ये ‘फेइरा’ म्हणजे जत्रा, बाजारही. म्हणून हे बाजाराचे वार असावेत असा तर्क केला जातो. तो टिकत नाही. बाजार आठवड्यातून एकदा भरतो, सलग पाच दिवस क्रमांक लावून नाही. शिवाय क्रम रविवारपासून मोजलेला आहे, आणि तो रविवारचा हिशेब चर्चचा. तिसरे स्पष्टीकरण ज्यू परंपरेचे: शब्बाथपासून दिवस मोजण्याची त्यांची पद्धत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी उचलली आणि ‘शब्बाथचा दुसरा’ याच्या जागी ‘दुसरी फेरिया’ आली. क्रमांकांचे मूळ इथेच आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. पोर्तुगालमध्येच ते लोकभाषेत का मुरले, याचे सर्वांत पटणारे उत्तर सुएबी राज्याच्या घडणीत आहे. राजघराणे नुकतेच कॅथलिक झाले होते आणि चर्चच्या वस्त्यांची नव्याने मांडणी चालू होती. त्या काळातली धर्मग्रामांची यादी उपलब्ध आहे. चर्चचे सण, उपवास, मृतांचे दिवस याच यंत्रणेतून खेड्यांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्याबरोबर मोजणीही गेली. मार्टिनचे प्रवचन हे या बदलाचे कारण नसून त्याची सर्वांत बोलकी साक्ष आहे.

खरा धक्का मात्र ‘फेरिया’ या शब्दात आहे. देवांची नावे पुसण्यासाठी चर्चने निवडलेला हा शब्द ख्रिस्ती नव्हे. रोममध्ये ‘फेरिए’ म्हणजे देवांना वाहिलेले दिवस, जेव्हा न्यायालये आणि कामे थांबत. प्रत्येक महिन्याचा इदुस, म्हणजे महिन्याच्या मध्यावरचा दिवस, हा ज्युपिटरचाच फेरिया मानला जाई. ज्युपिटरचे नाव गुरुवारवरून काढले आणि जागेवर ज्युपिटरच्या सणाचा शब्द बसवला. ‘फेरिए’चे जुने रूप ‘फेसिए’. ‘फेस्तुस’ त्याचेच भावंड. त्यातून पोर्तुगीज ‘फेस्ता’ आला आणि गोव्याच्या प्रत्येक चर्चचे ‘फेस्त’ही. मूळ शोधून बंदी घालणाऱ्याच्या हातातले हत्यारही मुळात परकेच निघते.

आइसलँडमध्ये याच बंदीचा दुसरा प्रयोग झाला. होलारचा बिशप योन ओग्मुंडार्सन, ११०६ ते ११२१, याने तीर, ओदिन आणि थोर या जुन्या देवांचे वार मोडून काढले, असे त्याचे चरित्र सांगते. आज तिथे मंगळवार ‘तिसरा दिवस’, बुधवार ‘मधला’, गुरुवार ‘पाचवा’, शुक्रवार ‘उपवासाचा’ आणि शनिवार ‘आंघोळीचा’ आहे. सूर्य आणि चंद्र मात्र जागेवरच राहिले. रविवार आणि सोमवार त्यांच्याच नावाने चालतात.

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले ते आपला मोजलेला आठवडा घेऊन. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडायला सांगितली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञेत तुळस लावणे, लग्नात हळद लावणे आणि ओव्या गाणे, एकादशीचा उपवास, मिठाशिवाय भात शिजवणे या साऱ्यांवर ख्रिस्ती घरांत बंदी आली. माणसांनी फार सोसले. घरे सोडून लोक कारवार, मंगळूरकडे गेले. आणि तरीही गोव्याचा कॅथलिक आजही रविवारी, म्हणजे ‘आयतारा’ला मिस्साला जातो. आयतार म्हणजे आदित्यवार. गुरुवार त्याच्या तोंडी ‘ब्रेस्तार’, बृहस्पतीचा दिवस, आणि ईस्टरआधीचा पवित्र गुरुवारही ब्रेस्तारच. कपाळावर राख लावण्याचा दिवस ‘गोबराचो बुधवार’. ‘किंता-फेइरा’ म्हणणाऱ्या सत्तेला तुळशीचे रोप दिसले, बृहस्पती ऐकू आला नाही. या नावांनी त्या समाजाच्या श्रद्धेत तसूभरही फरक पडला नाही.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचे उदाहरण याहून धारदार आहे. मूर्तीबाबत इतका कठोर धर्म दुसरा क्वचितच. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजारच्या गावांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. म्हणजे शब्बाथ पाळणारा समाज शतकानुशतके शनीच्या नावाने ओळखला गेला, आणि त्यांचा शब्बाथ शब्बाथच राहिला.

नाताळच्या बाबतीत मूळ तर ठरलेलेही नाही. रोममधल्या ३५४ च्या पंचांगसंग्रहात २५ डिसेंबरला ‘अजिंक्या’चा (बहुधा सूर्यदेवाचा) जन्मदिन म्हणून तीस रथशर्यती नोंदल्या आहेत, आणि त्याच संग्रहात त्याच तारखेला बेथलेहेममधला ख्रिस्तजन्मही. १८८९ या एकाच वर्षी जर्मन पंडित उसेनरने सूर्याच्या उत्सवाकडे बोट दाखवले, तर फ्रान्सच्या दुशेनने २५ मार्च ही वधस्तंभाची आणि गर्भधारणेची तारीख धरून नऊ महिने मोजले. तो वाद आजही मिटलेला नाही. अशा नोंदीवर कुणाच्या घरातला सण बंद करणे म्हणजे पुराणवस्तू संशोधकांच्या निकालावर श्रद्धा टांगून ठेवणे. यहोवाचे साक्षीदार लग्नाची अंगठी वापरतात, कारण आज तिचा अर्थ काय हे पाहावे असे ते मानतात. हे माप योग्य आहे. ते नाताळालाही लागायला हवे. धर्मसंस्थेला एखादे कृत्य वर्ज्य करायचे असेल, तर आज त्या कृत्यात कुणाची पूजा होते हे तिने दाखवावे. झऱ्यावरच्या दिव्यांबद्दल मार्टिनला ते दाखवता आले, वारांबद्दल नाही.

मूळ शोधून बंदी घालण्याचा नियम शेवटपर्यंत पाळला तो सतराव्या शतकातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांनी. त्यांनी नाताळ सोडला, वारांची नावे सोडली, महिन्यांचीही सोडली. रविवार ‘पहिला दिवस’ झाला. आज बहुतेक क्वेकर वारांची नेहमीचीच नावे वापरतात.