रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

रानपिंगळ्याचा पहिला कागदोपत्री पुरावा १८७२ सालचा. एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात एक छोटं घुबड मारलं आणि ते अ‍ॅलन ह्यूम यांच्याकडे पाठवलं. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. उपखंडातल्या झाडून साऱ्या पक्ष्यांची मोजदाद करायची, हा त्यांचा ध्यास होता. १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्याच नियतकालिकात त्यांनी या घुबडाचं वर्णन छापलं आणि जातीला ब्लेविट यांचं नाव दिलं. पुढे सिमल्यात नोकराने ह्यूम यांची हस्तलिखितं रद्दीच्या भावात विकली आणि त्यांनी या कामातून अंग काढून घेतलं. जमवलेल्या पक्ष्यांची कातडी मात्र वाचली. १८८५ मध्ये त्यांचा प्रचंड संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

रानपिंगळ्याचे नमुने जगभरात सातच राहिले. त्यांतले बहुतेक पश्चिम खानदेशातल्या शहाद्याच्या आसपासचे, जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८०-८४ दरम्यान जमवलेले. त्यानंतरची नोंद एकच: कर्नल रिचर्ड माइनर्टझॅगन यांच्या संग्रहातला पक्षी. नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी, साल १९१४.

सर्वांत ताजी नोंद तीच, म्हणून शोध घेणाऱ्यांनी तिच्यावरच भिस्त ठेवली. सलीम अली आणि डिलन रिप्ली या पक्षीशास्त्रज्ञांच्याही हाती काही लागलं नाही. जात नामशेष झाली असावी, अशी कुजबुज सुरू झाली.

पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी मात्र आधी म्युझियमची कपाटं उघडली. माइनर्टझॅगन यांच्यावर चोरीचा संशय जुनाच. म्युझियमच्या पक्षी विभागात त्यांना काही काळ मज्जावही होता. क्ष-किरण छायाचित्रांत मांडवीच्या पक्ष्यावर डेव्हिडसन यांच्या हातची खास घडण दिसली आणि वरून कुणीतरी तो उसवून पुन्हा भरल्याच्या खुणाही. म्युझियमकडे असायला हवा असा डेव्हिडसन यांचा एक नमुना तिथे नव्हता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ‘आयबिस’मध्ये हा पुरावा सविस्तर मांडला: पक्षी खानदेशातला, चोरीचा, आणि मांडवीची चिठ्ठी बनावट. कपाटातून एक कातडं चोरणं ही लबाडी. पण त्याला खोटा पत्ता चिकटवणं त्याहून वाईट, कारण त्या पत्त्यावर पुढच्या पिढ्या पायपीट करत राहिल्या.

मांडवी वगळली की उरतात जुन्याच जागा. त्याच धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी निष्पर्ण झाडावर, भर उजेडात रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. दिवसा वावरणारा हा पक्षी एकशे तेरा वर्षं कुणा अभ्यासकाच्या नोंदीत आला नव्हता. भोवतालच्या भिल्ल-पावऱ्यांच्या पाड्यांत आधी कुणी विचारलं असतं तर? कागदांत त्याचं उत्तर नाही.

मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ, मेळघाट आणि लगतच्या मध्य प्रदेशात पाहणी केली. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही आढळला. आययूसीएनच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ होता. २०१८ मध्ये ‘संकटग्रस्त’ या एक पायरी खालच्या वर्गात आला. पण याचा अर्थ पक्षी वाढले असा नव्हे. तो राहतो त्या जागा आपल्याला अधिक कळल्या, इतकंच. सागाची पानगळीची रानं तोडून शेतं काढणं तिथे अजून थांबलेलं नाही.