कोळंबीचा नर आणि त्याचा आहार : एका उपेक्षित प्रश्नाचा इतिहास

मराठीत 'कोळंबी' स्त्रीलिंगी, तर 'झिंगा' पुल्लिंगी. परंतु ह्या दोहोंपैकी एकही शब्द नर-मादी वेगळे सांगत नाही. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीच्या अभ्यासातही नर दीर्घकाळ असाच झाकलेला राहिला.

द मान याने १८७९ मध्ये ह्या जातीस शास्त्रीय नाव दिले. तिच्या शेतीचा मार्ग मात्र १९६०च्या दशकाच्या आरंभी मोकळा झाला. पिल्लांना पहिले काही आठवडे निमखारे पाणी लागते, हे शाओ-वेन लिंग यांना पेनांग येथे तेव्हा आढळले. त्यामुळे बाणगंगेकाठच्या ओझरसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावी शेततळ्यात कोळंबी वाढवावयाची झाल्यास बीज निमखाऱ्या पाण्याची सोय असलेल्या केंद्रातूनच आणावे लागेल. त्या बीजाचा पिता काय खात होता, हे शेतकऱ्यास कळावयाचे नाही.

मादीची अंडी पोटाखाली दिसतात, मोजता येतात; साहजिकच प्रजनक आहाराची परीक्षा अंड्यांवरून होऊ लागली. नराच्या शुक्रपेशी निश्चल असतात. वळूच्या वीर्याप्रमाणे हालचालीवरून त्यांची प्रत ठरविता येत नाही. शुक्रपुटातील पेशींची संख्या व त्यांतील जिवंत पेशींचे प्रमाण पाहावे लागते. कवचधारी प्राण्यांना कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही; रंगद्रव्येही अन्नातूनच यावी लागतात. तेव्हा निकस खाद्याची झळ नरास लागत नाही, असे मानण्यास आधार नव्हता.

तथापि प्रश्न केवळ खाद्याचा नव्हता. नरत्व ठरविणारी ग्रंथी शार्निओ-कोतों यांनी १९५४ मध्ये दुसऱ्या एका कवचधारी प्राण्यात शोधली होती. पुढे १९८०च्या दशकात इस्राएली संशोधकांनी ह्या कोळंबीच्या नरांचे तीन वर्ग स्पष्ट केले. नारिंगी नांगीचा नर झपाट्याने वाढतो, पण समागमाकडे त्याचा कल कमी. निळ्या नांगीचा मादीवर अधिकार गाजवितो, पण फारसा वाढत नाही. खुजा नर चोरून समागम साधतो. नारिंगी नर सर्वांत मोठ्या निळ्या नराहून मोठा झाला, म्हणजे स्वतः निळा होतो. एकाच तळ्यातील एकच खाद्य एकाच्या अंगी मांस होऊन लागते, तर दुसऱ्याचे प्रजननात खर्ची पडते.

म्हणून नांगीचा रंग न नोंदता केलेल्या आहारप्रयोगांचे निष्कर्ष संशयास्पदच मानावे लागतात. त्यांत दर्जाचे श्रेय खाद्यास दिले जाण्याचा धोका असतो. शिवाय तळ्याचा मालक जो निळा नर 'खातो पण वाढत नाही' म्हणून आधी विकतो, नेमका तोच बीजकेंद्रास हवा असतो.