चमचाभर रस्सा आणि पंगत



गेल्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या फिल्म सोसायटीनं विहारापुढच्या चौकात ‘बॅटलशिप पोटेमकिन’ दाखवला. दोन बांबूंना पांढरी चादर बांधली. सिनेमा मुका, म्हणून मधल्या पाट्या मी मराठीत मोठ्यानं सांगत होतो. आणि ठरवलं होतं, पडद्यावर जे जेवण, तेच सिनेमा संपल्यावर पंगतीत. सिनेमाला चौक भरला होता. पंगत मांडली तेव्हा निम्मा चौक उठून गेला होता. म्हणून हे लिहितोय. सिनेमाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. ताटाचा इतिहास आपल्यालाच लिहावा लागेल.

आधी पडद्यावरचं ताट. साल १९०५, जून महिना. रशियाच्या झारचं काळ्या समुद्रातलं लढाऊ जहाज. खलाशांसाठी आणलेल्या मांसात अळ्या वळवळत होत्या. जहाजाच्या डॉक्टरनं सांगितलं, धुऊन घ्या, चालेल. त्याच मांसाचं बोर्श्च केलं. बोर्श्च म्हणजे बीट घातलेला रस्साच. खलाशांनी तोंड लावलं नाही. बंदुका रोखल्या गेल्या, वाकुलेन्चुक नावाचा खलाशी मारला गेला, आणि खलाशांनी जहाज ताब्यात घेतलं. आयझेनस्टाइननं १९२५ साली त्यावर हा सिनेमा काढला. त्यात वाकुलेन्चुकचं प्रेत ओडेसाच्या धक्क्यावर ठेवलंय. एका चमचा रस्स्यापायी हा मेला, असं चिठ्ठीवर लिहिलंय.

राज्यकर्ते त्या चमच्याला भ्याले. इंग्लंडात १९५४ पर्यंत बंदी होती. लंडनच्या फिल्म सोसायटीनं १० नोव्हेंबर १९२९ रोजी तो सभासदांपुरता दाखवला. आपल्याकडं १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. तिनंही पहिल्यांदा दाखवला तो हाच. पण या सोसायट्या वर्गणी परवडणाऱ्या शिकल्यासवरल्यांच्या. सिनेमा उपाशी माणसाचा, खुर्ची पोट भरलेल्याची.

असंच बंड आपल्या मुंबईतही झालं. १८ फेब्रुवारी १९४६. ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर हिंदी खलाशांनी जेवण नाकारलं. अन्न निकृष्ट, वर गोऱ्या साहेबाच्या शिव्या. बंड ७८ जहाजांवर पसरलं. खलाशांची कोंडी झाली तेव्हा मुंबईची साधी माणसं गेटवेपाशी अन्न घेऊन गेली. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या. गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. परळला कमल दोंदे मेल्या.

माझा पणजा तेव्हा मुंबईच्या गिरणीत त्रासन खात्यात होता. विणाई खात्यात का नव्हता? कारण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आपली थुंकी सुताला लागली तर बाकीचे बाटतील! पाणी प्यायचं तेही वेगळं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लावून धरला. त्याच्या आदल्या वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडला आपण तळ्याचं पाणी प्यालो. मग काय झालं? मंडपात माणसं जेवत होती, त्यांच्यावर जमाव लाठ्या घेऊन आला. अन्न मातीत तुडवलं, भांडी फोडली. खलाशांना सडकं अन्न दिलं. आपलं चांगलं अन्न मातीत घातलं. हा फरक कुठल्याच सिनेमाच्या पुस्तकात मी वाचला नाही.

आता आमची पंगत. आईनं आणि शेजारच्या बायांनी बीट, कोबी, बटाटा घालून रस्सा केला. सोबत पाव. मांस मुद्दाम घातलं नाही, म्हणजे ‘मी खात नाही’ म्हणायला कुणाला जागा नको. तरी सूतगिरणीतले माझे सोबती उठले. वाकुलेन्चुक पडला तेव्हा यांचेच डोळे भरले होते. एक म्हणाला, ‘आज उपास हाय.’ दुसरा म्हणाला, ‘सकाळची पाळी हाय.’ तिसऱ्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

पण एकाच बाजूला बोट दाखवून इतिहास होत नाही. मातंग वस्तीतली पोरं भिंतीला टेकून उभी होती. आमच्यातल्या कुणी त्यांना ‘बसा’ म्हटलं नव्हतं. आईनंच हाक मारली, ‘आरं या की रं, ताटं मांडल्यात.’ ती बसली, तशी आमच्यातलीच दोन म्हातारी माणसं अंग चोरून लांब सरकली. मी पाहिलं. तुमच्या वस्तीत तुम्हीही पाहिलं असेल.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावलंय, नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, रोटीच्या पुढं बेटी आहे. खरंय. पण जो रोटीलाच उठून जातो, तो पुढं काय येणार?

तेव्हा कार्यकर्त्यांनो, सिनेमे जरूर दाखवा, पण पंगतीशिवाय दाखवू नका. अन् पंगतीतून कोण उठलं त्याची नोंद ठेवा. आधी आपल्या माणसांची. आमचा पुढचा सिनेमा मातंग वस्तीत आहे. रस्सा तिथंच शिजेल, तिथल्या बायाच वाढतील. आमची ती दोन म्हातारी जेवली की नाही, ते पुढच्या अंकात कळवतो.