क्ष-किरणांच्या उजेडात उभी माणसं

क्ष-किरणांचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो एका नावानं. ८ नोव्हेंबर १८९५, जर्मनीतलं वुर्झबुर्ग, प्राध्यापक राँटगेन. त्यांनी पेटंट घेतलं नाही. १९०१मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. मी पडलो बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. दिवा कुणी लावला हे कळल्यावर, तो हातात धरून कोण उभं राहिलं, असंही मला विचारावंसं वाटतं. आज त्या उभ्या राहिलेल्या माणसांविषयी बोलायचं आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीला, एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. क्ष-किरणांनी शरीराचं आतलं हलतं चित्र दाखवणारा चकाकता पडदा एडिसननं १८९६मध्ये तयार केला. नळी ठीक चालते का, हे पाहायला डॅली आपलाच हात तिच्यापुढे धरी. आधी कातडी लाल झाली, मग जखमा, मग कॅन्सर. दोन्ही हात गमवावे लागले. ऑक्टोबर १९०४मध्ये, ३९व्या वर्षी तो गेला. त्याचे हाल पाहून एडिसननं या किरणांचा नाद सोडला.

त्या वेळी धोका कुणाला माहीतच नव्हता, असं म्हणता येईल का? नाही. त्याच अमेरिकेत, बॉस्टनला, डॉ. फ्रान्सिस विल्यम्स १८९६पासून याच पडद्यावर रुग्णांची छाती तपासत होते. जे किरण देहाच्या आरपार जातात, ते देहाला काहीतरी करणारच, असा सरळ विचार करून त्यांनी सुरुवातीपासून स्वतःचं रक्षण केलं. ते ८४ वर्षं जगले. बॉस्टनचेच दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१मध्ये गिनीपिगवर प्रयोग करून, हे किरण जीव घेऊ शकतात, हे दाखवलं. नळीला शिशाचं आवरण घाला, डोळ्यांवर जाड भिंगं लावा, हवा तेवढाच भाग उजेडात घ्या, असं त्यांनी लिहून ठेवलं. फार थोड्यांनी ऐकलं. सुरक्षेचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती स्टॉकहोममध्ये स्थापन झाली ती १९२८मध्ये.

पुढे क्षयरोगाचा काळ आला. फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरत. ती पुन्हा पुन्हा भरावी लागे आणि दर खेपेला पडद्यावर पाहावं लागे. रुग्ण बरा होऊन घरी जाई. पाहणारा डॉक्टर दुसऱ्या रुग्णासाठी तिथंच उभा असे. औषधं आली, ती पद्धत मागे पडली. पण फुप्फुस आणि पडदा यांची सोबत सुटली नाही. आज ब्रॉंकोस्कोपीची लवचीक नळी नाकातोंडातून आत जाते. फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या गाठीचा तुकडा काढायचा, तर चिमटा कुठं पोचला हे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहावं लागतं.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी. किरणांचा झोत पडतो रुग्णावर, पण त्याच्या देहावर आदळून ते चहूकडे विखुरतात. भोवतीच्यांना बाधतात ते मुख्यतः हे विखुरलेले किरण. उपाय साधे आहेत. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथाई होतो. पडदा लागेल तेवढाच वेळ चालू ठेवायचा. अंगावर शिशाचा एप्रन, गळ्याला पट्टा, डोळ्यांना चष्मा. हे किरण डोळ्यांत मोतीबिंदू आणू शकतात, म्हणून २०११मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगानं डोळ्यांसाठीची वर्षाची मर्यादा १५० मिलिसीव्हर्टवरून सरासरी २०वर आणली.

माझ्या थोरल्या भावाच्या फुप्फुसाची अशीच तपासणी झाली. दाराशी बसलो असताना मी मोजलं : आत गेलेली माणसं चार, एप्रन तीन. एप्रनशिवाय गेला तो रुग्णाला धरायला बोलावलेला वॉर्डबॉय. विचारलं, तर म्हणाला, ‘साहेब, आम्हाला सवय आहे.’ किरणांना मात्र सवय ठाऊक नसते. मला डॅली आठवला.

आपल्या देशात याची मोजदाद होते. मुंबईत ट्रॉम्बेला असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्यासाठी छातीवर लावायचा बिल्ला रुजवला. त्यातल्या चकत्या पडलेले किरण जणू लक्षात ठेवतात आणि तापवल्या की त्या प्रमाणात प्रकाश देतात. त्यावरून त्या माणसानं किती सोसलं ते कळतं. मला ही कल्पना फार आवडते. पण बिल्ला केवळ हिशेब ठेवतो, तो ढाल नव्हे. आणि ज्याच्या छातीवर बिल्लाच नाही, त्याचा हिशेबही कुठं लागत नाही.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गला एका रुग्णालयाच्या आवारात १९३६मध्ये क्ष-किरण आणि रेडियमच्या हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं. सुरुवातीला दीडशेहून अधिक नावं होती, १९५९पर्यंत साडेतीनशेच्या वर गेली. त्या स्मारकानं डॉक्टर आणि शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं तंत्रज्ञ आणि परिचारिकांचीही आठवण जपली आहे. गेल्यावर दगडानं ज्यांना एका रांगेत बसवलं, त्यांना जिवंतपणी एकसारखे एप्रन द्यायला आपल्याला काय हरकत आहे?