टॅरंट्युला आणि माणसाचें घर

इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर तारांतो नांवाचें एक प्राचीन बंदर आहे. ग्रीक लोकांनीं वसविलेल्या या नगरानें जगाला दोन शब्द दिले. एक चपळ चालीच्या नृत्याचा, 'टारांटेला'. दुसरा कोळ्याचा, 'टॅरंट्युला'. आज युरोप-अमेरिकेंतील कितीएक घरांत या नांवाचा केंसाळ कोळी कांचेच्या पेटींत पाळलेला आढळतो, आणि त्याच घरांत लहान मुलेंहि वावरत असतात. ज्याच्या नुसत्या नांवानें एके काळीं गांवेंच्या गांवें भयभीत होत, तो प्राणी दिवाणखान्यांत येऊन कसा बसला, आणि मुलांच्या शेजारीं तो निर्धोकपणें राहूं शकतो कीं नाहीं, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्याच्या इतिहासांतच सांपडतात.

तारांतो ज्या आपुलिया प्रांतांत आहे, तेथें मध्ययुगापासून पुढें कित्येक शतकें एक विलक्षण समजूत प्रचलित होती. उन्हाळ्यांत शेतांत कापणी करणाऱ्या माणसास तेथील मोठा कोळी चावला म्हणजे त्याच्या अंगांत एक प्रकारचें खिन्न वेड भिनतें, आणि तें विष उतरविण्यास संगीतावांचून दुसरा उपाय नाहीं, असें लोक मानीत. वाजंत्री बोलावून रोग्यापुढें निरनिराळ्या चाली वाजविल्या जात. योग्य चाल लागली कीं रोगी उठून नाचूं लागे, आणि थकून कोसळेपर्यंत नाचत राही. अथनासिअस किर्खर या जेझुइट विद्वानानें १६४१ सालीं आपल्या ग्रंथांत या उपचाराच्या चाली स्वरलिपीसह छापल्या. त्याच शतकाच्या अखेरीस जॉर्जिओ बाल्यीवी या नामांकित वैद्यानें टॅरंट्युलाच्या दंशावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. पंडितांचा असा आधार मिळाल्यावर सामान्य जनांची श्रद्धा दृढ झाली, यांत नवल नाहीं.

परंतु ज्या कोळ्यावर हा आळ आला, तो बहुतांशीं निर्दोष होता. तो जाळें विणून बसत नाहीं. जमिनींत बीळ करून राहतो आणि जवळून जाणाऱ्या किड्यावर झडप घालतो. म्हणूनच त्याच्या कुळास लांडगा-कोळी असें म्हणतात. त्याचा चावा दुखतो. पण माणसास वेड लावण्याची शक्ति त्या विषांत नाहीं. नेपल्सचे वैद्य फ्रांचेस्को सेराओ यांनीं १७४२ सालीं या समजुतीविषयीं गंभीर शंका प्रकट केल्या. त्याच शेतांत राहणारा, आकारानें लहान व काळा असा 'विधवा' कोळी मात्र खरोखर पीडा देणारा आहे. परंतु लोकांची दृष्टि मोठ्या कोळ्यावर खिळली आणि लहान निसटला. पुढें १९५९ सालीं एर्नेस्तो दे मार्तिनो या इटालियन संशोधकानें त्या भागांत जाऊन उरल्यासुरल्या रोग्यांचा अभ्यास केला. रोगी बहुतेक स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या दुखण्याचें मूळ चाव्यापेक्षां त्यांच्या कष्टी व कोंडलेल्या आयुष्यांत होतें, असें त्यास दिसून आलें. अपराध एकाचा, शिक्षा दुसऱ्यास, असा हा प्रकार शेंकडों वर्षें चालला.

युरोपियन लोक अमेरिका खंडांत पोंचले, तेव्हां तेथील अरण्यांत त्यांना तळहाताएवढे केंसाळ कोळी दिसले. मोठ्या कोळ्यास जें नांव त्यांना ठाऊक होतें, तेंच त्यांनीं या परक्या प्राण्यास देऊन टाकलें. नांवाबरोबर भीतीहि समुद्रापार गेली. वास्तविक हें कूळच निराळें आहे. त्यांत आज हजाराहून अधिक जाती ज्ञात असून 'टॅरंट्युला' म्हणतांना आतां तेच अभिप्रेत असतात.

या नव्या कोळ्याचें पहिलें प्रसिद्ध चित्र एका स्त्रीनें काढलें. मारिआ झिबिला मेरिआन ही जर्मन चित्रकर्ती १६९९ सालीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, आपल्या धाकट्या मुलीस बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामला गेली. १७०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथांत पेरूच्या फांदीवर बसून एका चिमुकल्या गुंजनपक्ष्यास खाणारा केंसाळ कोळी रंगविलेला आहे. त्या चित्रावरूनच लिनिअसनें १७५८ सालीं त्या जातीस पक्ष्यावरून नांव दिलें. पुढें एकोणिसाव्या शतकांतील कांहीं पंडितांनीं हें चित्र म्हणजे निव्वळ कल्पित कथा असें ठरवून त्या बाईस खोटें पाडलें. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें १८४८ ते १८५९ अशीं ११ वर्षें अॅमेझॉनच्या खोऱ्यांत काढलीं. तेथें कामेता या गांवीं त्यानें स्वतः कोळ्याच्या तावडींत सांपडलेले दोन लहान पक्षी पाहिले, तेव्हां कोठें तिची बाजू सावरली गेली.

घर, मुलें आणि हा कोळी यांची गांठ पडते ती बेट्सच्याच ग्रंथांत. १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रवासवर्णनांत तो सांगतो कीं, त्याच्यासाठीं प्राणी गोळा करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबांतील मुलांनीं असल्याच एका कोळ्याच्या कमरेस दोरी बांधली होती, आणि कुत्र्यास फिरवावें तसें तीं त्यास घरभर फिरवीत होतीं. ज्या प्राण्यास पाहून युरोपांतील प्रौढ माणसें थरथर कांपत, तो अॅमेझॉनच्या काठीं पोरांच्या हातांतलें खेळणें झाला होता.

मात्र त्याच ग्रंथांत बेट्सनें दुसरीहि एक गोष्ट नमूद करून ठेविली आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. असा एक मेलेला कोळी संग्रहासाठीं तयार करतांना त्याच्या अंगावरील केंस बेट्सच्या बोटांत शिरले, आणि असह्य खाजेनें तो हैराण झाला. कोळी मेलेला होता. दंशाचा प्रश्नच नव्हता. धोका दातांत नसून केंसांत होता.

अमेरिका खंडांतील पुष्कळ जातींच्या पोटावर असे सूक्ष्म, कांटेरी केंस असतात. शत्रु जवळ आला कीं कोळी मागच्या पायांनीं पोट भराभर घांसतो आणि त्या केंसांचा धुरळा हवेंत उडवितो. ते त्वचेवर बसले तर खाज सुटते. श्वासाबरोबर आंत गेले तर नाक व घसा चुरचुरतो. परंतु डोळ्यांत गेले तर गोष्ट सोपी राहत नाहीं. इंग्लंडांतील लीड्स शहरीं घडलेली एक हकीकत २००९ च्या अखेरीस वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. एक तरुण आपल्या पाळीव कोळ्याची पेटी स्वच्छ करीत असतां कोळ्यानें असा धुरळा उडविला. कित्येक दिवस डोळा लाल राहिला, औषधें लागू पडेनात. अखेर सूक्ष्म भिंगाखालीं पाहतां बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत केंस रुतलेले आढळले. ते इतके बारीक होते कीं सर्वच काढणें शक्य झालें नाहीं. मोठ्या माणसाची ही अवस्था. मग पेटीच्या कांचेस नाक लावून पाहणाऱ्या आणि वारंवार डोळे चोळणाऱ्या बालकाची काळजी किती घ्यावी लागेल, हें सांगावयास नको.

चाव्याविषयींची भीति दूर करण्याचें काम विल्यम बेर्ग या प्राध्यापकानें केलें. अमेरिकेंतील आर्कान्सॉ विद्यापीठांत त्यानें १९२० च्या सुमारापासून कोळ्यांवर प्रयोग केले. आपल्या स्वतःच्या बोटासहि त्यानें ते चाववून घेतले. उत्तर अमेरिकेंतील बहुतेक टॅरंट्युलांचा चावा टांचणी टोंचल्याइतका किंवा फार तर मधमाशीच्या डंखाइतकाच त्रास देतो, असें त्यास आढळलें. टॅरंट्युलाच्या विषानें माणूस दगावल्याचें एकहि विश्वसनीय उदाहरण आजवर नोंदलेलें नाहीं. तथापि या सर्व कुळास एकच माप लावणें चुकीचें ठरेल. भारत व श्रीलंकेंतील झाडांवर राहणाऱ्या कोळ्यांच्या अंगावर बोंचरे केंस नसतात. पण त्यांच्या चाव्यानें स्नायूंत तीव्र पेटके येतात आणि ते पुष्कळ काळ टिकतात. ऑस्ट्रेलियांतील तज्ज्ञांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत तेथील टॅरंट्युला चावलेलीं सातहि कुत्रीं मेलीं, माणसांस मात्र गंभीर अपाय झाला नाहीं. घरांत मुलांप्रमाणें कुत्रेंहि असेल, तर ही नोंद विसरतां कामा नये.

भीति ओसरली, तशी हौस वाढली. मेक्सिकोंतील, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेला शांत स्वभावाचा कोळी १९७० नंतरच्या काळांत बाजारांत मोठ्या प्रमाणावर विकला जाऊं लागला. रानांतून तो इतका उचलला गेला कीं १९८५ सालीं वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारांत त्याचें नांव घालावें लागलें. या जातीची मादी वीस वर्षांहून अधिक जगूं शकते आणि वयांत येण्यास कित्येक वर्षें घेते. त्यामुळें रानांतील एक मादी गेली तर तिची जागा लवकर भरून निघत नाहीं. ज्यानें माणसाचा घात केल्याचा पुरावा नाहीं, त्याचा घात करण्याची वेळ माणसानें आणली.

हा इतिहास आपल्या देशापर्यंत येऊन पोंचतो. आंध्रांतील गुत्ती येथें, रेल्वेच्या लांकडाच्या वखारींत सांपडलेल्या एकाच नमुन्यावरून रेजिनाल्ड पोकॉक या शास्त्रज्ञानें १८९९ सालीं एका निळ्याभोर कोळ्याचें वर्णन केलें. त्यानंतर शंभर वर्षें तो शास्त्रज्ञांस दिसला नाहीं. २००१ सालीं पूर्वघाटांतील नंद्याळ व गिद्दलूर यांच्यामधील जंगलांत तो पुन्हां आढळला. परदेशांतील हौशी लोकांच्या पेट्यांत त्याची वीण विपुल होते. पण स्वतःच्या जंगलांत तो अत्यंत संकटग्रस्त ठरला आहे. त्याचे भाऊबंद सह्याद्रींतहि जुन्या झाडांच्या ढोलींत राहतात. पावसाळ्यांत तेथें फिरलेल्या श्रोत्यांपैकीं कांहींच्या दृष्टीस तो पडलाहि असेल. त्यास पाहावें आणि तेथेंच सोडावें. या सर्व गटास २०१९ सालीं त्याच आंतरराष्ट्रीय यादींत स्थान मिळालें, आणि २०२२ सालीं दुरुस्त झालेल्या आपल्या वन्यजीव कायद्यानेंहि अशा यादींतील प्राण्यांवर नियंत्रण घातलें आहे.

ज्या देशांत तो रीतसर पाळतां येतो, तेथील जाणत्या लोकांनीं अनुभवानें जे नियम बसविले, ते या इतिहासाचेंच सार होत. पेटीस घट्ट झांकण व कुलूप असावें आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ राहावी. कारण कोळी अरुंद फटींतूनहि निसटतो आणि मुलें उघड्या झांकणांतून हात घालतात. पेटी मुलांच्या हातास लागणार नाहीं अशा, पण डळमळणार नाहीं अशा जागीं ठेवावी. ती साफ करतांना हातमोजे व चष्मा घालावा, मुलांस दूर ठेवावें, आणि नंतर हात धुतल्याशिवाय डोळ्यास बोट लावूं नये. घरांत डासांसाठीं औषध फवारावयाचें असल्यास पेटी आधीं दूर न्यावी. कात टाकतांना कोळी उताणा पडतो. तो मेला असें समजून त्यास डिवचूं नये. मुलांस हें आधींच समजावून ठेवावें.

सर्वांत मोठा नियम हा कीं, मुलांच्या हातांवर कोळी देऊं नये. यांत मुलाइतकेंच कोळ्याचेंहि हित आहे. त्याच्या पोटाची त्वचा इतकी नाजूक असते कीं मुलानें दचकून हात झटकला आणि कोळी टेबलाच्या उंचीवरून खालीं पडला, तर पोट फुटून तो मरूं शकतो. अॅमेझॉनच्या काठच्या त्या मुलांनीं ज्याच्या कमरेस दोरी बांधली होती, त्या कोळ्याचें पुढें काय झालें हें बेट्सनें लिहिलेलें नाहीं. पण आज कोणीहि समंजस पालक तसला खेळ मुलांस खेळूं देणार नाहीं.

तारांतोच्या शेतकऱ्यांनीं न पाहतां भय धरलें. बाजारांतील हौशी लोकांनीं न विचारतां हात घातला. मेरिआनबाईंनीं मात्र फांदीजवळ बसून धीरानें पाहिलें आणि दिसलें तें कागदावर उतरविलें. कांचेबाहेर बसलेल्या मुलाच्या हातांत कोळी देण्याऐवजीं एक वही व पेन्सिल द्यावी. कोळी केव्हां खातो, केव्हां उपास करतो, कात किती दिवसांनीं टाकतो, याची नोंद तें ठेवूं लागलें, म्हणजे पेटी बंद राहूनहि मुलाची हौस पुरी होते.