हातानें घडविलेला कडा

तबकांत ठेवलेला सुमारें दोन वितींचा एक खडक. त्याच्या भेगेंतून निघून अर्धवट खालीं लोंबणारा आणि पुन्हां आकाशाकडे वळलेला एक वृक्ष. वृक्षाची उंची जेमतेम वीतभर, पण खोडावरील पांढरी, वाळलेली लांकडाची शीर पाहून त्याचें वय शंभर वर्षांचें वाटावें. हा देखावा पाहणाऱ्यानें सहज खडकावर टिचकी मारली, तर पोकळ आवाज येतो. तो खडक नव्हेच. लोखंडी जाळीवर सिमेंट थापून हातानें केलेली ती वस्तु आहे. हें कळतांच पुष्कळांचा विरस होतो. झाड खरें आणि डोंगर खोटा, हें कसें चालावें, असा प्रश्न ते विचारतात. ह्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत आहे आणि तें बरेंच मागें जाऊन शोधावें लागतें.

कुंडींतील वृक्षांची ही विद्या आज बोन्साय ह्या जपानी नांवानें सर्वत्र ओळखली जात असली, तरी तिचा उगम चीनमधला. थांग राजवंशांतील ली श्येन ह्या राजपुत्राची कबर इ. स. ७०६ मधली आहे. तिच्या भिंतींवरील चित्रांत हातांत तबक घेऊन चाललेली एक व्यक्ति दिसते. तबकांत लहान लहान दगड आहेत आणि त्यांत इवलीं झाडें. चिनी रसिकाला मुळांत हवा होता तो डोंगर. झाड हें त्या डोंगराचें भूषण. मात्र डोंगराच्या बाबतींत तो रसिक फारसा सोंवळा नव्हता. ताय सरोवरांतील भोंकाभोंकांचे चुनखडीचे दगड उद्यानांसाठीं अतिशय मोलाचे समजले जात. बाराव्या शतकांत दु वान ह्यानें दगडांविषयीं एक ग्रंथ लिहिला. कारागीर हे दगड छिन्नीनें घडवून पुन्हां सरोवरांत सोडतात, असें त्यांत सांगितलें आहे. लाटांनीं घासून छिन्नीचे व्रण नाहींसे होत. निसर्गाला थोडी मदत करावयाची आणि मग ती मदत लपवावयाची, ही युक्ति अशी आठशें वर्षांहून जुनी आहे.

जपाननें ही विद्या घेतली आणि आपलीशी केली. खडकाला बिलगून वाढणाऱ्या झाडाच्या प्रकाराला तेथें इशित्सुकी असें नांव पडलें. परंतु ह्या प्रकाराला सर्वांत शोभणारा जुनिपर मात्र जपानी बोन्सायमध्यें बराच उशिरां प्रतिष्ठा पावला. जुनिपर हें सरूच्या कुळांतील झाड. त्याच्या एका जातीचीं फळें हपुषा किंवा हाऊबेर म्हणून आपल्याकडील वैद्यांच्या परिचयाचीं आहेत. जपानांतील उंच कड्यांवर वाढणाऱ्या जातीला शिंपाकू म्हणतात. ह्या झाडाची शरीररचना मोठी विलक्षण. त्याच्या एकेका मुळाचा खोडावरील सालीच्या ठराविक पट्ट्याशीं संबंध असतो. दरड कोसळून एखादें मूळ तुटलें, कीं तेवढाच पट्टा मरतो. शेजारचा पट्टा हिरवा राहतो. मेलेलें लांकूड राळेमुळें सहसा कुजत नाहीं. उन्हापावसानें तें हाडासारखें पांढरें होतें. बर्फाच्या भारानें फांद्या वांकतात, वाऱ्यानें खोड पिळवटतें. एकाच देहांत जीवन आणि मरण असें शेजारीं शेजारीं नांदतांना दिसतें, आणि ह्याच दृश्याचें जपानी रसिकांस वेड लागलें.

ह्या वेडाची किंमत डोंगरांनीं दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकोकू बेटांतील इशिझुची पर्वतावरील शिंपाकूंकडे बोन्सायच्या व्यापाऱ्यांचें लक्ष गेलें. तेथील चांगलीं झाडें संपत आलीं, तेव्हां १९१० च्या सुमारास झाडें काढणारे लोक निईगाता प्रांतांतील इतोइगावाजवळच्या चुनखडीच्या कड्यांकडे वळले. कमरेला दोर बांधून ते कड्यावरून खालीं उतरत. एका हातानें तोल सांवरायचा आणि दुसऱ्यानें भेगेंतलें मूळ सोडवायचें, असें तें काम. कांहींजण त्यांत प्राणांस मुकले. झाड हातीं आलें तरी तें जगेलच असा भरंवसा नव्हता. शेंकडों वर्षें दगडांत रुतलेलीं मुळें निम्मीअधिक तुटलेलीं असत. कांहीं दशकांतच मोठीं, सुलभ झाडें नाहींशीं झालीं. सौंदर्याच्या भक्तांनीं सौंदर्याचें मूळ स्थानच ओसाड करावें, हें ह्या कलेच्या इतिहासांतील सर्वांत अप्रिय प्रकरण होय.

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानें टोकियो उद्ध्वस्त झालें. तेथील बोन्सायवाल्यांपैकीं कांहींनीं शहर सोडून उत्तरेस ओमिया येथें मोकळी जागा घेतली आणि १९२५ मध्यें बोन्सायग्राम वसविलें. त्यांच्याजवळ इतोइगावाचीं जुनीं झाडें होतीं. सुदैवानें शिंपाकूची फांदी जमिनींत खोंचली, तर ती बहुधा मूळ धरते. अशा फांद्यांपासून त्याच बारीक, दाट पानांचीं नवीं झाडें तयार करतां येतात. कोवळ्या खोडाला तार गुंडाळून आणि पीळ देऊन जें वादळ शतकभर करी, तें माळी वीसपंचवीस वर्षांत करतो. झाडाचा प्रश्न असा सुटला. उरला प्रश्न खडकाचा.

खडकाचें उत्तर आलें तें पूर्वेकडून नव्हे, तर युरोपांतील बागांतून. इंग्लंडांत पुलहम घराण्याच्या कारखान्यानें एकोणिसाव्या शतकांत विटांच्या तुकड्यांवर सिमेंट चढवून हुबेहूब खडक बनविले. लंडनच्या बॅटरसी उद्यानांत ते आहेत. पॅरिसमध्यें ज्योसेफ मोनिए नांवाचा माळी होता. थंडींत संत्र्यांचीं झाडें आंत न्यावीं लागत. लांकडी कुंड्या कुजत, मातीच्या फुटत. त्यानें लोखंडी जाळीवर सिमेंट थापून कुंडी केली आणि १८६७ मध्यें तिचें पेटंट घेतलें. बागांसाठीं कृत्रिम खडक करणें हाहि त्याचा धंदा होता. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारती ज्या लोखंड-सिमेंटच्या जोरावर उभ्या आहेत, त्याच्या जनकांत ह्या माळ्याची गणना होते, हें त्या इमारतींत राहणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

आज बोन्सायसाठीं खडक करणारा मोनिएच्याच वाटेनें जातो. प्रथम तारेचा सांगाडा, त्यावर बारीक जाळी, मग रेती-सिमेंटचा गिलावा. रंग वरून फासावयाचा नसतो, तो गिलाव्यांतच कालवावयाचा. नाहींतर पहिला टवका उडतांच सोंग उघडें पडतें. झाड जेथें बसवावयाचें तेथें खोल कप्पा ठेवतात आणि कप्प्याच्या तळाशीं भोंक. ओलें सिमेंट हातांत असतां खऱ्या कड्याचे थर आठवावे लागतात; भेगा वाटेल त्या दिशेनें पाडल्या तर तो खडक न दिसतां वारूळ दिसतो. वाळल्यावर आणखी एक संकट असतें. ताज्या सिमेंटमधून चुना पाझरतो आणि तो कोवळ्या मुळांस बाधतो. म्हणून तो कडा कित्येक आठवडे पाण्यांत बुडवून ठेवावा लागतो आणि पाणी वरचेवर बदलावें लागतें. एवढी सबुरी नसल्यानें पुष्कळांचीं झाडें पहिल्याच वर्षीं गेलीं आहेत.

नैसर्गिक शिळेचा अभिमान बाळगणारे अजून आहेत. ओमियाचे मासाहिको किमुरा (जन्म १९४०) ह्यांनीं उभ्या शिळांवर शिंपाकूंचीं रानें उभीं केलीं, तीं जगप्रसिद्ध आहेत. परंतु शिळा यंत्रानें कापण्यांत व जोडण्यांत त्यांनाहि संकोच वाटला नाहीं. मग नैसर्गिक कोणतें आणि कृत्रिम कोणतें, ही रेघ नेमकी कोठें ओढावी? दु वानच्या काळच्या कारागिरालाहि ती ओढतां आली नसती. कडा लुटून आणलेल्या खऱ्या झाडापेक्षां सिमेंटच्या कड्यावर वाढविलेलें फांदीचें झाड अधिक प्रामाणिक आहे, असें म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

लावणीचा काळ वसंताचा आरंभ. केतो नांवाची, कुजलेल्या बोरूची काळी, चिकट माती कप्प्यांत लिंपतात; मुळें तिच्यांत दाबून तारेनें बांधतात आणि वरून शेवाळ बसवितात. पहिलें वर्ष सावलीचें आणि पाण्याच्या तुषारांचें. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं मुळें भेगांत शिरूं लागतात, शेवाळ सिमेंटवर पसरतें, आणि झाड खडकापासून वेगळें करणें अशक्य होतें. तळाचें भोंक विसरलें असेल, तर तें त्यानंतर पाडतां येत नाहीं.